उंची आणि मालकी

प्रवरेच्या उगमाकडील मुलखाचा, एक इंचास एक मैल या प्रमाणावर काढलेला जुना सरकारी नकाशा पाहावयास जो बसेल, त्याला पहिली अडचण ही येईल की एका शीटवर त्याचे काम भागणार नाही. उत्तरेस कळसूबाई, पश्चिमेस घाटघर आणि रतनगड, दक्षिणेस हरिश्चंद्रगड आणि या सर्वांच्या कुशीत भंडारदरा असा हा टापू. अकोले तालुक्यातील लोक त्याला डांगाण म्हणतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या क्रमवारीत तो ४७ ई या चौकटीतील १०, ११, १४ आणि १५ या चार शीटांच्या सांध्याभोवती पडतो. अक्षांश-रेखांशांच्या पंधरा-पंधरा मिनिटांनी साऱ्या देशाचे सारखे चौकोन पाडावयाचे, हा त्या खात्याचा शिरस्ता. नदी कोठे उगम पावते आणि खोरे कोठे मिटते याचे सोयरसुतक त्या चौकोनांना असण्याचे कारण नाही. यास्तव ज्याला प्रवरेचे उगमखोरे सलग पाहावयाचे असेल, त्याने चारही शीटे काठाला काठ लावून मांडावीत आणि मग निवांतपणे त्यांवर वाकावे.

तसे वाकून पाहिले असता जे दिसते ते खरोखर विलक्षण आहे. तपकिरी शाईच्या बारीक समोच्च रेषा, दर पन्नास फुटांस एक या हिशेबाने, डोंगराच्या अंगावरून वळत जातात. पठारावर त्या सैल आणि विरळ असतात, सोंडांवर दाटतात, आणि कोकणकड्याच्या धारेवर तर एकमेकींत अशा घुसतात की तेथे रेषेपासून रेषा वेगळी काढणे अशक्य होऊन नकाशाकाराला कड्याची निराळी खूण योजावी लागते. कळसूबाईच्या माथ्यावर, जेथे देवीचे लहानसे देऊळ आहे, तेथे त्रिकोण आणि त्यापाशी ५४०० हा फुटांचा आकडा. महाराष्ट्रात याहून मोठा आकडा कोणत्याही शिखरापाशी लिहिता येत नाही. तेथून पट्टा आणि औंढा या किल्ल्यांकडे पूर्वेस सरकत जाणारी एक रांग, दक्षिणेस हरिश्चंद्रगडाची दुसरी, आणि प्रवरा व मुळा या दोन नद्यांना पुढे बराच काळ एकमेकींपासून दूर ठेवणारी बाळेश्वराची तिसरी. लागवडीची जमीन पिवळी, रान हिरवे, गावठाणे आणि वाटा तांबड्या, बारमाही पाणी निळे, आणि उन्हाळ्यात कोरडे पडणारे ओढे काळे. कोठली खिंड चढून कोठे उतरता येईल, कोणत्या सोंडेवरून कोणता ओढा दिसेल, हे सारे घरबसल्या सांगणारा हा कागद मानवी बुद्धीच्या नितांत सुंदर निर्मितींपैकी एक आहे असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

परंतु या कागदावर एक गोष्ट कोठेही लिहिलेली नाही. ही जमीन कोणाची, हे तो सांगत नाही. त्याचे उत्तर हवे असेल तर तालुक्याच्या गावी भूमी अभिलेखाच्या कचेरीत जावे लागते आणि तेथल्या दप्तरातून गावनकाशा काढून घ्यावा लागतो. त्या नकाशावर शिवाराची हद्द असते, नंबर असतात, नंबरांच्या पोटात हिस्से असतात, गावठाण, गायरान, ओढा, गाडीवाट असते. आणि त्यास जोडलेल्या आकारबंदात व सातबाऱ्यात खातेदाराचे नाव, क्षेत्र आणि आकार असतो. मात्र बांधाच्या या बाजूचे शेत त्या बाजूच्या शेताहून दहा फूट वर आहे की शंभर फूट खाली, याचा पत्ता तेथे लागत नाही. एका नकाशाला उंची ठाऊक आहे, मालक ठाऊक नाही. दुसऱ्याला मालक ठाऊक आहे, उंची ठाऊक नाही. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत प्रवरेच्या खोऱ्यात पाण्याविषयी आणि जमिनीविषयी जो जो न्याय व अन्याय झाला, त्याचे बरेचसे मूळ या दोन कागदांच्या परस्परांतील अनोळखीत आहे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

ही अनोळख अपघाताने जन्मास आलेली नाही. दोन्ही मोजण्यांचे प्रयोजनच भिन्न होते. महसुली मोजणी रयतेकडून सारा किती घ्यावा या प्रश्नातून निघाली. पेशवाई बुडाल्यावर पुणे जिल्ह्यात प्रिंगल याने केलेला पहिला प्रयोग अंगलट आला, आणि मग १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी पद्धत बसविली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला नियमांचे रूप दिले आणि पुढे ती नगर जिल्ह्यासह मुंबई इलाखाभर पसरली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. जमिनीची प्रतही सोळा आण्यांतच लावावयाची: मातीची खोली किती, पोत कसा, चुनखडी, वाळू किंवा उतार यांचा दोष किती, हे पाहून आणे कमी करीत जावयाचे. एका नंबरात साधारणतः बैलजोडीला पेलेल इतकी जमीन असावी, असा विचार त्यामागे होता. या पद्धतीचे गुण कोणी नाकारू नयेत. मोघम अंदाजाच्या जागी तिने मोजमाप आणले, तीस वर्षांपर्यंत सारा कायम केला, आणि कुळकर्ण्याच्या लेखणीवर अवलंबून असलेल्या रयतेच्या हाती निदान दाखविण्यापुरता एक दगड आणि एक क्रमांक दिला. परंतु उतार तेथे आला तो केवळ ‘दोष’ म्हणून, आण्यांतून वजा करावयाची बाब म्हणून. उतारावरून पाणी वाहते आणि ते कोणाच्या तरी शेतावरून कोणाच्या तरी शेतात जाते, हा विचार साऱ्याच्या हिशेबाला आवश्यक नव्हता.

स्थलाकृतीची मोजणी निराळ्या गरजेतून निघाली. लँबटनने १८०२ मध्ये मद्रासपाशी आपली पहिली आधाररेषा मोजली, तेव्हापासून शिखरामागून शिखर त्रिकोणांच्या जाळ्यात अडकवीत ती विद्या देशभर पसरली. फौजेला वाटा हव्या होत्या, पोलिसांना खिंडी हव्या होत्या, आणि नंतर रेल्वे व पाटबंधारे खात्यांना चढ-उतार हवे होते. सह्याद्रीच्या या भागात तर त्या गरजेला धार आणणारा इतिहास घडला होता. १८२८ ते १८३० या काळात येथील महादेव कोळ्यांनी बंड केले, ते मोडण्यात पुढाकार घेणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉशने पुढे त्याच समाजावर सविस्तर लिहून ठेवले. आणि १८४० च्या दशकात याच डोंगरांतून राघोजी भांगरे यांनी सरकार आणि सावकार या दोघांनाही हैराण केले, तेव्हा त्यांना पकडून २ मे १८४८ रोजी ठाण्यास फाशी द्यावे लागेपर्यंत सत्तेला चैन पडले नाही. ज्या मुलखात माणूस दिसतो आणि पाहता पाहता नाहीसा होतो, त्या मुलखाची प्रत्येक घळ कागदावर असावी असे सत्तेला वाटणे स्वाभाविक आहे. १९०५ नंतर खात्याने जुन्या काळ्या, तुटक रेघोट्यांनी डोंगर दाखविण्याची पद्धत सोडून रंगीत समोच्च नकाशांचा नवा क्रम हाती घेतला, आणि आज ज्यांना आपण ‘जुनी शीटे’ म्हणतो ती त्या क्रमातील आहेत.

या शीटांविषयी एक साधी गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे, कारण तिच्यात बराच अर्थ आहे. सर्वेक्षणाच्या तुकड्या पाऊस संपल्यावर रानात उतरत आणि उन्हाळा सरता सरता परतत. पावसाळ्याचे महिने मुख्य ठाण्यावर बसून रेखाटनात जात. म्हणजे नकाशा काढणाऱ्या डोळ्यांनी डांगाण पाहिले ते हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. घाटघर-रतनवाडीच्या बाजूस वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि तेथून पूर्वेस सरकत संगमनेरपर्यंत आले की तो पाचशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहतो. परंतु नकाशात हा भेद उमटत नाही, उलट डांगणातील असंख्य ओढे वैशाखात कोरडे असल्यामुळे काळ्या रेघांनी दाखविले जातात. ज्या पावसावर खालचे सारे खोरे पोसले जाते, तो पाऊस या अप्रतिम कागदाने कधी पाहिलाच नाही. आणि आषाढात गुडघाभर चिखलात भाताची आवणी करणारा, राब भाजून रोपे तयार करणारा माणूस तर त्याच्या नजरेच्या टप्प्यातही आला नाही.

प्रमाणाचा प्रश्नही असाच विचार करण्याजोगा आहे. एक इंचास एक मैल म्हटले, की एका चौरस इंचात ६४० एकर मावतात. हिशेब केला तर एका एकराच्या वाट्याला कागदावर जेमतेम एक चौरस मिलिमीटर येतो. जोंधळ्याचा एक दाणा या नकाशावर ठेवला तर त्याखाली दहा-बारा एकर, म्हणजे एका कुटुंबाचे सबंध शेत, नाहीसे होते. उलट आठ इंचास एक मैल या प्रमाणाच्या गावनकाशात तोच एकर चौसष्ट पट मोठा, म्हणजे चौरस इंचाच्या दशांशाइतका होतो. तेथे बांध दिसतो, विहीर दिसते, वाटेचा वाद दिसतो. कोणी म्हणेल की हा केवळ तांत्रिक अपरिहार्यतेचा भाग आहे. एकाच कागदावर सर्व काही दाखविता येत नाही, आणि ज्याने खोरे पाहावयाचे त्याने बांध सोडलाच पाहिजे. हे खरे आहे. परंतु अडचण दोन प्रमाणे असण्यात नव्हती. एक कागद डेहराडूनच्या खात्याचा आणि दुसरा पुण्याच्या खात्याचा, एकावर अक्षांश-रेखांश आणि दुसऱ्यावर शेजारच्या गावाच्या हद्दीचा दगड, यांना एकमेकांवर ठेवून पाहण्याची सोय कोणीच केली नाही, यात होती. राज्याच्या एका हाताला उंची ठाऊक होती, दुसऱ्याला मालकी. आणि निर्णय घेण्याची वेळ आली तेव्हा प्रत्येक हाताने आपापल्या ज्ञानापुरताच विचार केला.

याचा सर्वाधिक जाच डांगणाला झाला, कारण तेथे हे दोन्ही कागद अगदी विषम भरले होते. सपाटीवरच्या गावांत गावनकाशा गच्च भरलेला, आणि इंची नकाशा मात्र पिवळा, मोकळा, दोन-चार समोच्च रेषांचा. डोंगरात नेमके उलट. इंची नकाशा रेषांनी काळवंडून गेलेला, आणि गावनकाशात खाचरांचे तुकडे संपले की मोठमोठे नंबर, नाही तर जंगलाची हद्द. येथील उतारावरची नागली, वरई आणि खुरासणी ही पिके एका जागी कायम राहत नसत. दोन-चार वर्षे एक माळ करावा, मग तो पडीत सोडून दुसरा धरावा, ही जुनी वहिवाट. नंबर मात्र गृहीत धरतो की शेत एका जागी बसलेले असते आणि त्याचा धनी एक असतो. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगलाची हद्द आखली गेली, तेव्हा फिरत्या शेतीची ही वहिवाट पुष्कळ ठिकाणी हक्क न राहता मेहेरबानी झाली. ज्या मुलखाच्या उंचीविषयी सरकारला सर्वांत सूक्ष्म ज्ञान होते, त्याच मुलखातील माणसाच्या हक्काविषयी ते सर्वांत अस्पष्ट राहिले.

आणि मग धरण आले. १८७६-७८ च्या आणि शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनी नगर जिल्हा होरपळून निघाला होता; १९०१ मध्ये नेमलेल्या पाटबंधारे आयोगाच्या विचारविनिमयानंतर दख्खनच्या पूर्वभागास घाटमाथ्यावरच्या पाण्याचा आधार द्यावा हे धोरण दृढ झाले. प्रवरेवर भंडारदऱ्याचे काम १९१० मध्ये सुरू झाले, आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे २७० फूट उंचीची ती दगडी भिंत आणि तिच्यामागचे सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी ही त्या काळच्या अभियांत्रिकीची मोठी कामगिरी होती यात संशय नाही. परंतु समोच्च रेषेच्या दृष्टीने या घटनेकडे पाहिले तर तिचे एक अंग स्पष्ट होते. स्थिर पाण्याचा काठ ही स्वतःच एक समोच्च रेषा असते. भिंतीची उंची ठरली, त्या क्षणी जलाशयाचा काठही ठरला. अभियंत्यांनी त्यासाठी आपली निराळी, सूक्ष्म पातळीमोजणी केली असली तरी तत्त्व तेच, की रेषेच्या खालचे सर्व पाण्याचे आणि वरचे सर्व कोरडे. पाणी येण्यापूर्वी कित्येक वर्षे तळ्याचा काठ कागदावर अस्तित्वात होता. ती रेषा कोणाच्या खाचरातून जाते, कोणाचे घर वर आणि वाट खाली ठेवते, हे त्या कागदाला विचारता येत नव्हते. आणि ज्या कागदाला विचारता येत होते, त्यावर ती रेषा काढलेली नव्हती.

भूसंपादनाचा १८९४ चा कायदा या फटीत येऊन बसतो. मोबदला द्यावयाचा तो ज्याचा हक्क सिद्ध आहे त्याला, आणि द्यावयाचा तो रोख. ज्याचे नाव दप्तरी होते त्याला रक्कम मिळाली असेल. परंतु जो माळ आज याचा, उद्या पडीत आणि परवा भावकीतील दुसऱ्याचा, ज्या हिरड्याच्या झाडाखाली पिढ्यान्‌पिढ्या वेचणी होत आली, ज्या वाटेने गुरे नदीवर उतरत, त्यांची किंमत कोणी, कोणत्या रकान्यात मांडावयाची होती? याच सुमारास, १९२१ ते १९२४ या काळात, पुणे जिल्ह्यात मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला आणि त्याचे सेनापतित्व ज्या पांडुरंग महादेव बापटांकडे आले ते नगर जिल्ह्यातल्याच पारनेरचे. मुळशीत जे झगडले ते वस्तुतः दोन नकाशेच होते: एका पक्षाच्या हाती पाण्याच्या पातळीचा हिशेब, दुसऱ्याच्या हाती वतनाचा आणि वहिवाटीचा. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात व्हावयास १९७६ साल उजाडावे लागले, यावरून या दोन हिशेबांना एका कागदावर आणण्याची निकड राज्याला किती उशिरा वाटली हे कळून येते.

धरणाच्या खाली तीच रेषा कालव्याचे रूप घेते. ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात, आणि कालवा म्हणजे जवळजवळ समोच्च रेषेवरूनच, अगदी मंद उतार धरून चालणारी नदी. तिच्या खालच्या बाजूस भिजणारी जमीन, वरच्या बाजूस कोरडी. या एका गोष्टीने संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या बाजूचे समाजजीवन मुळापासून बदलले. बेलापूर कंपनीचा ऊस, श्रीरामपूरची बाजारपेठ, आणि १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना, हे सारे कालव्याच्या खालच्या बाजूचे वैभव आहे. सहकाराच्या त्या चळवळीचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. लहान शेतकऱ्याला कारखान्याचा मालक करणे ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील फार मोठी गोष्ट होती. तथापि त्या लहान शेतकऱ्याचे शेत कालव्याच्या खाली होते, ही अट कोणी मोठ्याने उच्चारली नाही. दोन सख्ख्या भावांच्या वाटण्यांत एकाचा तुकडा पाटाच्या खाली आणि दुसऱ्याचा वर आला, तर एकाच्या घरी ऊस आणि दुसऱ्याच्या घरी बाजरी, इतका फरक काही फुटांच्या उंचीने पडतो. आणि सातबाऱ्यावर मात्र दोघांच्या जमिनीचे वर्णन पूर्वी अक्षरशः सारखे होते.

ही अट न उच्चारल्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. प्रवरेच्या दोन्ही तीरांवर, भंडारदऱ्याच्या कालव्यांहून उंच पडल्यामुळे जिरायत राहिलेल्या गावांसाठी दुसऱ्या धरणाची मागणी झाली, १९७० मध्ये त्याला मंजुरी मिळाली, म्हाळादेवीची जागा बदलून शेवटी निळवंडे येथे भिंत उभी राहिली, आणि डाव्या कालव्यातून पहिल्यांदा पाणी सुटावयास २०२३ साल यावे लागले. अकोले, संगमनेरपासून सिन्नरपर्यंतच्या १८२ गावांनी पाण्याची वाट पाहण्यात अर्धशतक घालविले. त्यातही अकोल्याचे म्हणणे निराळे होते: धरण आमच्या तालुक्यात, बुडिताची जमीन आमची, आणि कालवा मात्र आमच्या वाड्या-वस्त्यांच्या पायथ्याखालून पुढे निघून जाणार, म्हणून उंचावरून नेणारे कालवे द्या. ही मागणी कोणाला अडवणुकीची वाटली असेल. मला ती या खोऱ्यात केली गेलेली सर्वांत तर्कशुद्ध मागणी वाटते, कारण तिने प्रथमच उंचीची भाषा आणि हक्काची भाषा एका वाक्यात आणली. दरम्यान २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आले आणि खालच्या जायकवाडी धरणासाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे वाद न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा खालच्या खोऱ्याचा वरच्या खोऱ्यावर हक्क आहे हे मान्य झाले. वरच्या खोऱ्याचा स्वतःच्या पावसावर किती हक्क, हा प्रश्न मात्र तितक्या निकराने कोणी विचारला नाही.

येथे एक आक्षेप समोर येतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. पाण्याला उतारच कळतो, मालक कळत नाही. तेव्हा उंचीचा नकाशा हा निसर्गाचा नकाशा आहे आणि मालकीचा नकाशा माणसाच्या भांडणांचा, मग दोहोंत संघर्ष झाला तर निसर्गाचे ऐकावे हेच शहाणपण नव्हे काय? या युक्तिवादात एक चलाखी दडलेली आहे. उंची निसर्गाने दिली हे खरे. परंतु कोणत्या उंचीवर भिंत बांधावी, कोणत्या उंचीवरून कालवा काढावा, आणि पाणी जेथे पडते तेथे थोपवावे की जेथे ऊस होतो तेथे न्यावे, हे निर्णय निसर्गाने घेतलेले नाहीत. नकाशावरची प्रत्येक समोच्च रेषा सारख्याच जाडीची असते. त्यांतून एक निवडून तिला तळ्याचा काठ म्हणणे हे माणसाचे काम, आणि माणसाच्या कामाला जाब विचारता येतो. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना, १८८३ च्या सुमारास, डोंगराळ भागात ताली-बंधारे घालून पाणी आणि माती जागच्या जागी मुरवावी, हा मार्ग सुचविला होता. भंडारदऱ्याचा विचार सुरू होण्यापूर्वी पर्याय नव्हता असे म्हणता येत नाही; पर्याय होता, तो निवडला गेला नाही.

आणि गंमत अशी की तो पर्याय पुढे शंभर वर्षांनी ज्या भूमीत सिद्ध झाला ती याच जिल्ह्याची. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी, नगर तालुक्यातील हिवरे बाजार, संगमनेर तालुक्यातील दरेवाडी, ही नावे आज पाणलोट विकासाच्या वाङ्मयात जगभर घेतली जातात. तेथे झाले ते काय? डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग समतल चर खणले गेले. समतल चर म्हणजे दुसरे काही नसून समोच्च रेषाच, फक्त ती शाईने न काढता कुदळीने काढलेली. लाकडाच्या इंग्रजी ए आकाराच्या चौकटीला ओळंबा लटकवून गावातील स्त्री-पुरुष उतारावर पातळी धरतात, दोन पायांची टोके सारख्या उंचीवर आली की चुन्याची खूण करतात, आणि त्या खुणांवरून चर जातो. डेहराडूनच्या विद्येचे सार एका ओळंब्यात येऊन बसते. पण त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. हा चर कोणाच्या तरी गटातून जातो. म्हणून फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने नगरमधून सुरू झालेल्या कार्यक्रमांत आराखडा करणारे शेतकऱ्याला बरोबर घेऊन गट नंबरागणिक फिरले, त्या त्या तुकड्याचा उतार, माती आणि धन्याची इच्छा पाहून काम ठरविले. म्हणजे गावनकाशा आणि समोच्च रेषा, खातेदार आणि उतार, हे प्रथमच एका कागदावर आले. कोणत्याही कचेरीने न केलेले ते काम माळरानावर झाले, आणि त्याचे फळ विहिरींतून दिसले. हे दाखले लहान आहेत, भंडारदऱ्याची तहान त्यांनी भागणार नाही, हे मान्य. परंतु एका तत्त्वाची परीक्षा त्यांत झाली आणि ते तत्त्व उत्तीर्ण झाले.

आता साधनांची अडचण उरलेली नाही. एके काळी ज्यांना हात लावावयास परवानगी लागे असे नकाशे २०२१ च्या नव्या धोरणाने मोकळे झाले. उपग्रह आणि ड्रोन यांनी उंची स्वस्त केली. सातबारा संगणकावर आला. तरीही दोन नकाशांची अनोळख संपलेली नाही, उलट नव्या रूपात ती परत येत आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याची हद्द १९८६ मध्ये जाहीर झाली. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या याद्या अलीकडे वारंवार काढल्या गेल्या. दुसरीकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने डांगणातील ग्रामसभांना आपल्या वहिवाटीच्या सीमा मांडण्याचा अधिकार दिला. पहिल्या दोहोंचा आधार उंची, वनाच्छादन आणि उतार. तिसऱ्याचा आधार वस्तीची स्मृती. ज्याला निसर्ग वाचवावयाचा आहे त्याने पहिला कागद धरावयाचा आणि ज्याला माणूस वाचवावयाचा आहे त्याने दुसरा, अशी विभागणी होऊन बसली, तर भंडारदऱ्याची चूक आपण अधिक चांगल्या हेतूने पुन्हा करू.

म्हणून एक साधी, कचेरीला सहज करता येण्याजोगी सूचना करावीशी वाटते. सातबाऱ्यावर आज क्षेत्र आहे, आकार आहे, पीक आहे, बोजा आहे. तेथे आणखी दोन रकाने असावेत: या गटाची समुद्रसपाटीपासून उंची किती, आणि यावर पडणारा पाऊस कोणत्या ओढ्यात व कोणत्या नदीत जातो. वनहक्काच्या दाव्यांच्या कागदावर तर ते आधी यावेत, कारण डांगणाला सातबाऱ्याने कधी पुरते ओळखलेलेच नाही. हे दोन रकाने भरले, की धरणाची रेषा आखताना तिच्याखाली कोण येतो हे त्याच दिवशी कळेल, कालवा आखताना त्याच्यावर कोण राहतो हे लपणार नाही, आणि घाटघरच्या शेतकऱ्याला ‘माझ्या रानावर पडलेले पाणी इतके, त्यातले माझ्या वाट्याला इतके’ हे आकड्याने म्हणता येईल. आपल्याकडे हक्क कागदावर चढल्याखेरीज हक्क ठरत नाही, हा ब्रिटिश अमदानीचा वारसा बरा म्हणा की वाईट, आता मोडण्याजोगा राहिलेला नाही; मग निदान जे वरच्या खोऱ्याचे खरे धन आहे, ती त्याची उंची, त्या कागदावर चढली पाहिजे. पावणेदोनशे वर्षे उंचीचे ज्ञान राज्याने वापरले आणि त्याचा भार उंचीवर राहणाऱ्याने वाहिला. हे ज्ञान त्याच्या नावावर लागल्याशिवाय प्रवरेच्या खोऱ्यातील कोणतीही वाटणी समन्यायी म्हणविण्यास पात्र ठरणार नाही.